उन्मादावरचे मूळ

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याला लागून, चोरखमारा हे गाव आणि त्याच नावाचा मातीच्या बांधाचा तलाव आहे. गावाजवळच्या प्रवेशद्वारातून आत गेल्यावर साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि मोह यांचे मिश्र पानगळीचे वन सुरू होते. पूर्व विदर्भातील अशा वनांत, सावलीच्या आणि ओलसर जागी, गुडघ्याएवढे वाढणारे एक झुडूप आढळते, ज्याची पाने बहुधा तीन-तीनच्या वलयात येतात, फुले पांढरी-गुलाबी आणि त्यांचे देठ लाल असतात, व फळे पिकल्यावर काळसर जांभळी होतात. संस्कृतात आणि आज सर्वत्र त्याला सर्पगंधा म्हणतात. मराठीत अडकई आणि हरकी ही त्याची जुनी नावे आहेत. कण्हेरीच्या कुळातील या झुडपाचे औषध त्याच्या मुळात, त्यातही मुख्यतः मुळाच्या सालीत असते, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर जगाच्या मानसोपचाराला वळण देणाऱ्या दोन-तीन द्रव्यांपैकी एक याच सालीतून निघाले.

या मुळाची कथा सहसा प्रयोगशाळेपासून सांगितली जाते. तिचा आरंभ मात्र त्याहून जुना आणि विखुरलेला आहे, कारण एकाच मुळाला निरनिराळ्या मुलखांतील लोक निरनिराळ्या दुखण्यांवरचे औषध मानत आले. त्यातील उन्मादावरचा उपयोग कोठून आला, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला गेलेला प्रश्न आहे.

तो उपयोग प्राचीन ग्रंथांतून आला, असे सरसकट म्हटले जाते. त्याला ग्रंथांचा आधार क्षीण आहे. उन्माद हा विषय आयुर्वेदाने अत्यंत गांभीर्याने हाताळला. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय असून मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती म्हणजे आवडनिवड, शील, चेष्टा म्हणजे हालचाल आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी त्याची व्याख्या तेथे केली आहे. वात, पित्त, कफ, तिन्ही दोष एकत्र आणि आगंतुक म्हणजे बाहेरून आलेले कारण, असे त्याचे पाच प्रकार मानले आहेत. उपचारांत वमन आणि विरेचन ही शोधनकर्मे, ब्राह्मीसारख्या वनस्पतींनी सिद्ध केलेली तुपे, जुने तूप, तसेच रुग्णाला धीर देणे आणि प्रसंगी धक्का देणे, या सर्वांचा समावेश आहे. सर्पगंधा हे नाव संहितांत येते, परंतु ते मुख्यतः विषाच्या, सर्पदंशाच्या संदर्भात. आणि ते नाव आजच्याच वनस्पतीचे होते की दुसऱ्या कोणा वनस्पतीचे, याबद्दलही अभ्यासकांत एकमत नाही. उन्मादाच्या चिकित्सेत आज तिला जे मध्यवर्ती स्थान दिले जाते, ते संहिताकारांनी दिलेले नव्हते.

सापाशी जोडलेली तिची ओळख मात्र पश्चिम किनाऱ्यावर पक्की होती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात सापाच्या विषावर चालणाऱ्या मुळांची माहिती दिली, आणि नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस असे मूळ खाते ही लोकसमजूतही नोंदवली. त्यातील एक मूळ सर्पगंधेचे असावे, असे नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मानले. पुढे युरोपीय वर्गीकरणात या प्रजातीसमूहाला सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य आणि प्रवासी लिओनहार्ड राउवोल्फ याच्या सन्मानार्थ ‘राउवोल्फिया’ हे नाव मिळाले. त्याचा या झुडपाशी कोणताही संबंध नव्हता.

कोकणात या मुळाचा उपयोग पोटासाठी होता. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख असलेले विल्यम डायमॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८९० च्या दशकाच्या आरंभी भारतीय वनौषधींवरचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात दक्षिण कोकणातून मुंबईत मजुरीसाठी येणारी माणसे या मुळाचा थोडा साठा जवळ बाळगतात आणि पोटातील वेदनांवर ते वापरतात, अशी नोंद आहे. पटकीवर हे मूळ इसरमुळासह देत. पोटशुळावर एक भाग हे मूळ, दोन भाग कुड्याचे मूळ आणि तीन भाग मोगली एरंडाचे मूळ दुधातून देत. गिरणगावातल्या खोलीत पथारीखाली ठेवलेली ही मुळी म्हणजे घर सोडून आलेल्या माणसाने बरोबर आणलेले गावचे वैद्यक होते. त्या नोंदीत वेडावरच्या उपयोगाचा उल्लेख नाही, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ज्या शहरातून या मुळाची वैद्यकीय कीर्ती पुढे जगभर गेली, त्या शहरातील सामान्य लोकांना ते मनाचे औषध म्हणून परिचित नव्हते.

तो परिचय बिहारमध्ये होता. तेथील बाजारांत हे मूळ ‘पागल की दवा’ याच नावाने विकले जाई, आणि रडणाऱ्या तान्ह्या मुलांना झोप लागावी म्हणून गरीब घरांतील स्त्रियाही त्याचा वापर करीत. वेडाच्या भरात हिंसक झालेल्या, रात्रंदिवस न झोपणाऱ्या माणसाला या मुळाचे चूर्ण दिल्यास तो शांत होतो आणि झोपतो, हे निरीक्षण प्रथम कोणी केले हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. मुळे खणणारे, विकणारे, आणि आपल्या घरातील आजारी माणसाला ती पाजणारे लोक हेच या औषधाचे पहिले परीक्षक होत, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव उरलेले नाही.

हे लोकज्ञान छापील वैद्यकात आणण्याचे श्रेय कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि त्यांचे सहलेखक कार्तिकचंद्र बोस यांना जाते. १९३१ मध्ये त्यांनी सर्पगंधा हे उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरचे नवे भारतीय औषध म्हणून मांडले. वीस ते तीस ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा ते दोन ग्रॅम चूर्ण दिवसातून दोनदा दिल्यास झोप येते, रक्तदाब उतरतो, हिंसक लक्षणे ओसरतात आणि बहुधा आठवड्याभरात रुग्ण भानावर येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी दोन आजार एकत्र ठेवले होते, हे पुढील घडामोडींच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरले, कारण पुढील वीस वर्षे वैद्यकाने त्यांपैकी एकाचाच मुख्यतः पाठपुरावा केला.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळातून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारे, अल्प मात्रेतही शरीरावर तीव्र परिणाम करणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य. त्यांपैकी पहिल्या गटाला त्यांनी महाविद्यालयाचे संस्थापक हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन इत्यादी नावे दिली. ही शुद्ध स्फटिकरूप द्रव्ये हाती आली, तरी त्यांत ती झोप नव्हती. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून केलेल्या कामातून, आणि पुढे जे. सी. गुप्ता यांच्या गटाच्या प्रयोगांतून, असे दिसून आले की मनाला शांत करणारा गुण अल्कलॉइडे काढून घेतल्यावर उरणाऱ्या चिकट राळेत राहतो. याच गटाने १९४३ मध्ये मानसिक आजारांवरील प्राथमिक निरीक्षणेही प्रसिद्ध केली. रसायनशास्त्रज्ञाला स्फटिक हवे असतात आणि राळ हा टाकाऊ गाळ वाटतो. म्हणूनच मुळातील मुख्य द्रव्य आणखी जवळजवळ दहा वर्षे त्या गाळातच राहिले.

याच काळात मानसिक रुग्णांची स्थिती काय होती, हे पाहिल्याशिवाय या शोधाचे मोल कळत नाही. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासून आणि ठाण्याचे १९०१ पासून चालत होते. १९१२ च्या कायद्याची भाषा रुग्णाला ‘ल्युनॅटिक’ म्हणणारी होती आणि त्याची मुख्य चिंता बंदोबस्ताची होती. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी, औषधाने आणलेले झटके आणि १९३८ पासून विजेचे झटके हे उपचार आले. परंतु रोज तोंडाने घेता येईल आणि रुग्णाला शुद्धीत ठेवून शांत करील, असे औषध जगात कोठेच मान्यता पावलेले नव्हते. बार्बिट्युरेटे आणि ब्रोमाइडे झोपवीत, पण जागेपणी मनाचा क्षोभ जसाच्या तसा राही. भंडारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून नागपूरला आणलेला रुग्ण तेथेच वृद्ध होणे ही अपवादाची गोष्ट नव्हती. अशा काळात बिहारच्या बाजारात चार पैशांना मिळणाऱ्या मुळीत हे सामर्थ्य होते, आणि ते वैद्यकाच्या दाराशी येऊनही आत घेतले गेले नाही, ही या इतिहासातील खरी खंत आहे.

दार उघडले ते हृदयाच्या बाजूने. मुंबईचे रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे लंडनमध्ये शिकलेले हृदयरोगतज्ज्ञ होते आणि परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयाशी संबंधित होते. उच्च रक्तदाब असलेल्या ५० रुग्णांवर त्यांनी सर्पगंधेची पद्धतशीर चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. या निबंधाचे महत्त्व त्याच्या शिस्तीत होते: औषध सुरू करण्यापूर्वी रुग्णांना काही काळ औषधाविना ठेवून त्यांचा रक्तदाब नोंदवला गेला, उपचारानंतरचे आकडे त्याच्याशी ताडून पाहिले गेले, आणि बहुतेकांचा रक्तदाब लक्षणीय उतरला हे दाखवून दिले गेले. भारतीय नियतकालिकांत अठरा वर्षे पडून असलेली माहिती लंडनच्या नियतकालिकात आल्याबरोबर जगाने वाचली. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या. त्यांना रक्तदाबातील उतार दिसलाच, शिवाय रुग्णांच्या वृत्तीत येणारी शांतीही दिसली, जी झोपेच्या औषधांच्या गुंगीहून वेगळी होती. बिहारमध्ये जे सर्वांना ठाऊक होते, ते बोस्टनमध्ये दुष्परिणामाच्या रूपाने पुन्हा सापडले.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा या कंपनीच्या प्रयोगशाळेत योहानेस म्युलर, एमिल श्लिटलर आणि ह्यूगो बाइन यांनी १९५२ मध्ये त्या दुर्लक्षित राळेतून ते द्रव्य अखेर वेगळे केले. त्याला रिसर्पिन हे नाव मिळाले, आणि ‘सर्पासिल’ या व्यापारी नावाने ते बाजारात आले. मुळाच्या वजनाच्या हजारात एखादा भागच रिसर्पिन असते. ग्रॅममध्ये द्यावयाचे चूर्ण आता मिलिग्रॅमच्या अंशात देता येऊ लागले.

उन्मादाकडे जग परत वळले ते पुढच्या वर्षी, आणि त्याचे निमित्त तेव्हाच्या मुंबई राज्यात घडले. अहमदाबाद व बडोदा ही शहरे १९५३ मध्ये मुंबई राज्यात होती. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक आजारांवरील देशी औषधांविषयीचा निबंध बडोद्यातील वैद्यकीय परिषदेत वाचला, त्यात सर्पगंधेच्या उपयोगाचे अनुभव होते. त्या निबंधाची वार्ता ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयाचे नेथन क्लाइन यांनी ती वाचली. १९५४ मध्ये त्यांनी मनोरुग्णांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट नोस यांनीही रिसर्पिनचे तसेच अनुभव मांडले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते, आणि त्यानंतर ही संख्या घटत गेली. त्याला रिसर्पिन एकटे कारण नव्हते. फ्रान्समध्ये १९५२ मध्ये मनोरुग्णांना प्रथम देण्यात आलेले क्लोरप्रोमाझीन हे त्याहून मोठे कारण होते, आणि धोरणे व अनुदाने यांचाही वाटा होता. १९५७ चा लास्कर पुरस्कार या नव्या औषधांच्या प्रवर्तकांना मिळाला, तेव्हा क्लाइन, नोस आणि क्लोरप्रोमाझीनवर काम करणारे लाबोरी, डेनिकर व लेमन यांच्याबरोबर रुस्तम वकील यांचेही नाव होते. गणनाथ सेन आणि हकीम यांची नावे त्या यादीत नव्हती.

रिसर्पिन कसे काम करते, याचा शोध हा या कथेतील बौद्धिकदृष्ट्या सर्वांत समृद्ध भाग आहे. मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सिरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन, डोपामिन अशी द्रव्ये वापरतात आणि ती पेशीच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म कोशांत साठवून ठेवतात. रिसर्पिन या कोशांत द्रव्य भरणारी यंत्रणाच बंद पाडते, त्यामुळे उघड्यावर राहिलेले द्रव्य पेशीतच नष्ट होते आणि साठा हळूहळू रिता होतो. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या गटाने १९५५ मध्ये सिरोटोनिनच्या बाबतीत हे दाखवले. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिन दिल्याने निश्चल झालेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते काही मिनिटांत पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक आहे, आणि त्याच्या अभावाने हालचाल गोठते, हे त्यातून उलगडत गेले. कंपवाताचा आजचा उपचार या प्रयोगातून उगवला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मनाचे काही आजार मेंदूतील द्रव्यांच्या कमी-अधिक प्रमाणाशी निगडित असावेत, ही गेल्या अर्धशतकाची प्रबळ कल्पनाही या मुळाभोवतीच आकाराला आली.

त्या कल्पनेचा आधार असा होता की रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होत आणि त्यांतील काहींनी आत्मघाताचे विचारही बोलून दाखवले. साठा रिता झाला की खिन्नता येते, म्हणजे खिन्नतेच्या आजारात तो साठा कमी असावा, असा तो तर्क होता. परंतु १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता व खिन्नता असलेल्या रुग्णांवर केलेल्या नियंत्रित चाचणीत रिसर्पिन घेणाऱ्यांना बरे वाटले होते. ही चाचणी दीर्घकाळ विस्मृतीत गेली. एकच द्रव्य एखाद्या माणसाला शांत करते, दुसऱ्याला खिन्न, तिसऱ्याचे अंग जड आणि नाक चोंदलेले ठेवते. मात्रा, प्रकृती आणि आजार यांनुसार हे बदलते, आणि प्रकृती पाहूनच औषध द्यावे ही जुन्या वैद्यांची शिकवण येथे केवळ आदरापोटी नव्हे तर पुराव्यानेही ग्राह्य ठरते.

मानसोपचारातील रिसर्पिनचा काळ अल्प ठरला. क्लोरप्रोमाझीन लवकर गुण देई आणि रक्तदाब इतका खाली नेत नसे, म्हणून १९६० नंतर रिसर्पिन मागे पडले व मुख्यतः रक्तदाबाचे स्वस्त औषध म्हणून उरले. चीनमध्येही त्याच वाटेने घडले. तेथील प्राचीन वैद्यकात ‘दियान’ म्हणजे मूक, उदास वेड आणि ‘क्वांग’ म्हणजे उसळते, हिंसक वेड असा भेद फार पूर्वीपासून होता, आणि गहू, ज्येष्ठमध व खजुरासारखे चिनी बोर यांचा काढा शोकाकुल, रडवेल्या रुग्णाला देण्याची परंपराही होती. तरीही १९५० च्या दशकात चीनने आपल्याकडच्या सर्पगंधेच्या भगिनी वनस्पतीपासून जे औषध काढले, ते रक्तदाबावरचे होते. भारतात आजही सर्पगंधा घनवटीसारखी औषधे निद्रानाशावर दिली जातात, ज्यांत तिच्याबरोबर खुरासनी ओवा, जटामांसी, भांग आणि पिंपळमूळ असते; रक्तदाबाच्या वा मनोविकाराच्या इतर गोळ्या घेणाऱ्याने ती वैद्यांना न विचारता घेणे धोक्याचे आहे.

जगाची मागणी वाढली, तिचा भार वनावर पडला. मूळ काढायचे म्हणजे झुडूप उपटायचे, आणि लागवडीतसुद्धा मूळ उपयोगी होण्यास दीड ते तीन वर्षे लागतात. भारतीय मुळांची टंचाई भासू लागली, तेव्हा कंपन्या आफ्रिकेतील, अधिक रिसर्पिन असलेल्या दुसऱ्या जातीकडे वळल्या. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये ते द्रव्य प्रयोगशाळेत संपूर्ण घडवले, तरी वनस्पतीतून काढणेच बराच काळ स्वस्त राहिले. १९९० पासून सर्पगंधा संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

चोरखमाऱ्याच्या वनाची कथा यातूनच पुढे जाते. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशा क्षेत्रातून वनस्पती नेण्यास बंदी घातली. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. झुडपाला संरक्षण मिळाले, आणि त्याच वेळी मूळ ओळखणाऱ्या वैदूचा आणि त्या झुडपाचा रोजचा संबंधही सुटत गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा परंपरागत हक्क मान्य केला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक समितीला लोकजैवविविधता नोंदवही करण्यास सांगितले, ज्यात वनस्पती आणि तिच्या उपयोगांबरोबर त्या गावातील वैदू व जाणकार यांच्या नावांचीही नोंद होते. बिहारच्या बाजारात जे कोणी केले नाही, ते करण्याची तरतूद या वहीत आहे. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभाचा वाटा देण्याच्या बंधनातून सूट दिली. सर्पगंधेचा उन्मादावरचा उपयोग विसाव्या शतकापूर्वी ग्रंथबद्ध नव्हता; आता आयुर्वेदीय औषधकोशात तो आहे.